मुंबई ते लंडन : नऊ तास

मुंबई ते लंडन अंतर किती, या प्रश्नाला भूगोल एक उत्तर देतो आणि विमानाचे वेळापत्रक दुसरे. पृथ्वीच्या गोलावर या दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला तर तो सुमारे ७,२०० किलोमीटर भरतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागले की उत्तर आठ तास येते. प्रत्यक्षात जाताना नऊ-दहा तास लागतात, कारण उंचावरचे पश्चिमी वारे समोरून येतात. परतताना तेच पाठीशी असतात. शिवाय हा दोरा राजकारणानेही वाकतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये आपले आकाश बंद केले, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसे घ्यावे लागले.

१८५७ साली वरसईहून निघालेल्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये अंतर मुक्कामांनी मोजले जाते, वाट हाच तेथे मजकूर आहे. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमानही कैरो आणि जिनिव्हा येथे उतरत गेले. आजच्या थेट विमानाला मुक्काम नाही. म्हणूनच की काय, आजचे प्रवासवर्णन बहुधा विमानतळाबाहेर पडल्यावर सुरू होते. मधले तास कोरे राहतात.

ते कोरे नसतात, हे लंडनमध्ये राहणाऱ्या आम्हां उभयतांना वडिलांच्या निधनाने कळले. उन्हाळ्याचे दिवस होते. फोन आला तेव्हा लंडनमध्ये दुपारचा एक वाजला होता, मुंबईत संध्याकाळचे साडेपाच. काकांनी एवढेच विचारले, “किती वाजेपर्यंत पोहोचाल? थांबतो आम्ही.” रात्री नऊचे विमान मिळाले. ते सकाळी साडेदहाला मुंबईत उतरले आणि घरी पोहोचेपर्यंत बारा वाजले. वेळापत्रकातले नऊ तास दारात ताटकळणाऱ्यांसाठी साडेअठरा झाले होते. बर्फाच्या लाद्या दोनदा बदलल्या होत्या. आम्हांला पाहून काका काही न बोलता बाजूला सरकले.

बोटीच्या काळात तार लवकर पोहोचे, पण माणूस पोहोचणार नाही हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असे. अंतरच परस्पर माफी देऊन टाकी. नऊ तासांचे अंतर ती माफी देत नाही. घरच्यांनी थांबावे इतके ते जवळ आहे, आणि त्या थांबण्याचे ओझे आमच्या मनावर राहावे इतके दूर. आसनासमोरच्या पडद्यावर चिमुकले विमान नकाशावरून सरकत होते, खाली उरलेले किलोमीटर आणि उरलेली मिनिटे दिसत होती. त्या रात्री आम्ही दुसरे काहीही वाचले नाही.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या लेखनात निघणे भरपूर आहे, पोहोचणेही आहे. या मधल्या तासांचे वर्णन मात्र आमच्या वाचनात आलेले नाही. कोणा अभ्यासकाला ते ठाऊक असेल, तर आम्हांला ते जरूर वाचायचे आहे.