यादीतला नंबर

दोन कंपन्यांचं लग्न लागलं की सगळ्यात आधी काय बदलतं? पाटी. आणि सगळ्यात शेवटी? यादी. कसली यादी ते सांगतो, पण जरा मागून सुरुवात करावी लागेल.

आमच्या देऊळघाटात विमान म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट. पैनगंगेच्या काठच्या वावरात निंदण चाललेलं असायचं, आवाज आला की बायामाणसं कपाळाला हात लावून वर बघणार आणि पांढरी रेघ विरली की पुन्हा खाली वाकणार. अशा गावातून आमचे दादा (सख्खे नव्हेत, मोठ्या काकांचे) अमरावतीच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून मुंबईला गेले आणि १९८४ साली एअर इंडियाच्या इंजिनिअरिंग विभागात चिकटले. त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत त्यांच्या नावापुढे कंसात 'एअर इंडिया, मुंबई' छापलं जायचं, जणू ती पदवीच. गावात हमखास विचारायचे, "दादा, तुम्ही विमान चालवता का?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "नाही बाप्पा, मी त्याले थांबवतो." गंमत वाटायची, पण ते खरंच होतं. तपासणी करणाऱ्यानं सही केली नाही तर विमान जागचं हलत नाही, मग वर कितीही मोठा साहेब बसलेला असो.

तर २००७ साली त्यांच्या कंपनीचं लग्न लागलं. परदेशात जाणारी एअर इंडिया आणि देशात उडणारी इंडियन एअरलाइन्स (तेव्हा नुसती 'इंडियन' झाली होती) एकत्र करून 'नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया' नावाची नवी कंपनी ३० मार्च २००७ ला स्थापन झाली आणि ऑगस्टमध्ये विलीनीकरण अंमलात आलं. हे नाव प्रवाशांच्या तोंडी कधी बसलंच नाही. २०१० मध्ये सरकारनंही नाद सोडला आणि कंपनीचं नाव पुन्हा एअर इंडिया केलं. विमान वाहतूक मंत्री होते प्रफुल्ल पटेल, म्हणजे आपल्या गोंदियाचे. त्यामुळे आमच्याकडे सुरुवातीला कौतुकच होतं की विदर्भाचा माणूस एवढं मोठं काम करतोय.

दादांना मात्र पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकत होती. २००५-०६ साली दोन्ही कंपन्या थोड्या का होईना नफ्यात होत्या. एअर इंडियाला सुमारे १५ कोटी, इंडियन एअरलाइन्सला सुमारे ५० कोटी. एवढ्या मोठ्या कारभारात हा नफा म्हणजे चहापाण्याचा खर्च, मान्य. पण विलीनीकरणानंतरच्या पहिल्याच वर्षी, २००७-०८ मध्ये, तोटा निघाला २,२२६ कोटी. आणि २०११-१२ पर्यंत वर्षाचा तोटा साडेसात हजार कोटींच्या वर गेला. दादा म्हणायचे, "दोन दुबळ्या बैलांची जोडी केली म्हणून काही औताले जोर येत नाही. वरून नवी गाडी जुंपली, तीही कर्जाची."

ती गाडी म्हणजे १११ नवी विमानं. विलीनीकरणाच्या आधीच दोन्ही कंपन्यांनी ती मागवली होती, ६८ बोइंग एअर इंडियासाठी आणि ४३ एअरबस इंडियनसाठी, जवळजवळ सगळी कर्जावर. त्यात २००८ च्या जुलैमध्ये कच्चं तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढलं, मागून जगभरची मंदी आली, आणि देशात स्वस्त तिकिटांच्या खाजगी कंपन्यांनी आधीच बाजार खाल्लेला. 'कॅग'चा अहवाल २०११ मध्ये आला तेव्हा त्यानं विमानखरेदी आणि विलीनीकरणाची वेळ या दोन्हींवर बोट ठेवलं. म्हणजे हँगरमध्ये डब्यासोबत जे बोललं जात होतं ते चार वर्षांनी छापून आलं. पण तोपर्यंत लोकांच्या मनात पक्कं बसलं होतं की सरकारी विमान कंपनी बुडाली ती तिथल्या लाडावलेल्या नोकरांमुळे. आमच्याकडच्या लग्नांतसुद्धा पंगतीत कुणीतरी दादांना टोचायचंच, "काय, आमच्या टॅक्सवर पगार ना?" दादा हसून मठ्ठा मागायचे.

आता ती यादी.

विमानं एकत्र करणं सोपं असतं, रंग मारला की झालं. माणसं एकत्र करायची तर सेवाज्येष्ठता लावावी लागते. समजा दोन्हीकडे एकेक मेकॅनिक १९८५ ला लागला. एका कंपनीत ठरावीक वर्षं भरली की बढती, दुसरीत जागा रिकामी झाली तर बढती. वीस वर्षांनी पहिला दोन पायऱ्या वर आहे, दुसरा तिथंच. यादी करताना हुद्दा धरला तर दुसऱ्यावर अन्याय, लागल्याची तारीख धरली तर पहिल्याचे दिवस वाया. वर पगाराची रचना वेगळी, उड्डाणभत्ता वेगळा. याचा निवाडा करायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली २०११ मध्ये, आणि तिचा अहवाल आला २०१२ च्या सुरुवातीला. विलीनीकरण २००७ चं! म्हणजे वरात निघून, जेवणावळी उठून पाच वर्षं झाल्यावर सून घरात कुठं झोपणार याचा विचार सुरू झाला.

मधल्या काळात काय झालं ते पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल. २०११ च्या एप्रिल-मेमध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक दहा दिवस संपावर गेले. मागणी काय, तर एअर इंडियावाल्यांच्या बरोबरीनं पगार द्या. पुढच्याच मे महिन्यात पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक बसले, ते तब्बल ५८ दिवस. त्यांचं म्हणणं, नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण इंडियनवाल्यांना दिलं तर आमच्या बढत्या मागं पडतात. एकाच कंपनीतली दोन माणसं, दोन संघटना, आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्यानं आपलं ताट ओढलं. वैमानिकांचे पगार ऐकून आपल्याला त्यांची कीव येणं कठीणच (मलाही नाही आली, खरं सांगतो). पण ही मारामारी पैशाची असण्यापेक्षा नंबरची जास्त होती. मी तुझ्या आधी लागलो, मग तू माझ्या पुढं कसा?

दादांच्या बोलण्यात शेवटपर्यंत 'ते' आणि 'आपण' होतं. 'ते' म्हणजे इंडियनवाले. गंमत अशी की कलिन्याच्या वसाहतीत त्यांचे सगळ्यात जवळचे दोस्त 'ते'च होते. बुद्धिबळ त्यांच्याशी, गणपतीची वर्गणी त्यांच्यासोबत, आणि निवृत्त झाल्यावर देऊळघाटला मुक्कामाला आले तेही इंडियनवालेच, सिंधुदुर्गाकडचे एक काका. ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "आमची कंपनी १९५३ साली आठ कंपन्या मिळून झाली होती. तेव्हा आठांची एक करता आली, यांना दोनाची एक करता आली नाही." दादा लगेच, "तेव्हा जेआरडी होते." आणि काका, "ते तुमच्याकडे होते, आमच्याकडे नाही!" यावर दोघेही इतके हसले की वहिनी आतून बघायला आल्या.

व्यवस्थापनाबद्दल मात्र दोघांचं एकमत. २००७ ते २०११ एवढ्या वेळात तुळसीदास, रघू मेनन, अरविंद जाधव, रोहित नंदन असे चार अध्यक्ष झाले. चौघेही आयएएस. ही माणसं हुशार नव्हती असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. पण मेकॅनिक एका इंजिनाशी पंचवीस वर्षं राहतो आणि साहेब दोन वर्षं, एखादे वेळी चार. ज्यानं निर्णय घेतला तो निकालाच्या वेळी दुसऱ्याच खात्यात. निकाल भोगायला उरतो तो हजेरीपटावरचा.

आणि नफा? २०१५-१६ चा हिशेब जाहीर झाला तेव्हा मोठा गाजावाजा झाला, दहा वर्षांनी प्रथमच कंपनीला १०५ कोटींचा परिचालन नफा. परिचालन नफा म्हणजे व्याज वगैरे बाजूला ठेवून रोजच्या धंद्यात उरलेलं. व्याज धरलं तर त्याच वर्षी तोटा ३,८०० कोटींच्या वर होता. बरं, दादा त्यावरही खूश होते, कारण रोजचा धंदा म्हणजे त्यांचं काम. आम्ही आमचा भाग नीट केला, कर्ज आम्ही काढलं नव्हतं, असं ते अभिमानानं सांगायचे. मग २०१७ मध्ये 'कॅग'नं सांगितलं की तो नफा नव्हताच, ३२१ कोटींचा तोटा होता. त्यानंतर दादांनी कंपनीच्या आकड्यांवर बोलणं सोडलं. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तेच. माणूस तोट्याच्या कंपनीत निष्ठेनं राबू शकतो, पण आपण केलेल्या कामाचा आकडासुद्धा खरा की खोटा हे कळेनासं झालं की तो नुसता हजेरी लावतो.

हे सगळं मी तेव्हा भावाच्या कौतुकानं ऐकत होतो. अंगावर आलं ते २०२० च्या एप्रिलमध्ये. मी बँकेत. आमचीही बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विरघळली (दोघींची नावं नकोत, नोकरी अजून बाकी आहे). लॉकडाऊनचे दिवस, सॉफ्टवेअर बदललं, आयएफएससी बदलला, खातेदार नव्या पासबुकासाठी दाराशी. ते सगळं निभावलं. पण एकत्रित ज्येष्ठता यादी आली आणि मी रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर ती पीडीएफ वर-खाली करत बसलो. माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेली माणसं माझ्या वर होती, कारण त्यांच्याकडे त्या हुद्द्याची बढती लवकर मिळायची. सकाळी दादांना फोन केला. नेहमीप्रमाणे थट्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आक्षेप नोंदवायची मुदत किती दिवसांची हाय?" मी म्हटलं पंधरा. "आजच लिही. लेखी लिही. पोच घे."

लिहिलं. पोच घेतली. उत्तर यायचं आहे.

अगदी उलटा अनुभव आमच्या शेजारच्या घरात. तिथला मुलगा एसटीत कंडक्टर. २०२१ च्या दिवाळीपासून एसटीवाले संपावर बसले ते पुढच्या एप्रिलपर्यंत, आणि त्यांची मागणी काय होती? विलीनीकरण! महामंडळ राज्य शासनात विलीन करा. बुलढाण्याला जायला गाडी नाही, पोरांची कॉलेजं अडली, तरी गावातली बरीच माणसं त्यांच्या बाजूनं होती. समितीनं शासनात विलीनीकरण शक्य नाही असं सांगितलं आणि शेवटी उच्च न्यायालयानं दिलेल्या मुदतीत सगळे कामावर आले. दादांना ही मागणी ऐकून आधी हसू आलं. मग तो पोरगा म्हणाला, "दादा, तुमच्याकडे दोन तोट्यातल्या एक केल्या. आम्ही मालक मागतो. पगार थकला तर कोणाले विचारायचं, हे ठरलं पाहिजे." दादा गप्प झाले आणि म्हणाले, पोराचं बरोबर आहे.

२७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे परत गेली. १८,००० कोटींचा सौदा, त्यात १५,३०० कोटींचं कर्ज टाटांनी अंगावर घेतलं आणि २,७०० कोटी रोख. आमच्या घरात टाटा म्हणजे मीठ, चहा आणि विश्वास, त्यामुळे सगळ्यांना आनंद झाला. दादाही खूश होते. पण ते आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते, आणि मागं राहिलेल्यांना कलिन्याची घरं सहा महिन्यांत सोडायची होती. संघटना उच्च न्यायालयात गेल्या, थोडे दिवस मिळाले, पुढं २०२४ मध्ये इमारती पाडायला घेतल्या. त्या पडक्या भिंतींचा व्हिडिओ दादांना कुणीतरी पाठवला होता. त्यात त्यांनी स्वतः लावलेलं शेवग्याचं झाड दिसतं म्हणे, मला काही ओळखू आलं नाही.

आणि त्याच २०२४ मध्ये पुन्हा तेच. विस्तारा एअर इंडियात विलीन व्हायची होती (१२ नोव्हेंबरला झाली). त्याआधी एप्रिलमध्ये विस्ताराची उड्डाणं धडाधड रद्द झाली, कारण वैमानिक आजारपणाच्या रजेवर. नव्या करारात हमीच्या पगाराचे तास सत्तरवरून चाळीस केले होते, आणि पुन्हा तोच प्रश्न, एकत्रित यादीत आमचा नंबर कुठला? मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूची पाळी, तिथंही दुसरी कंपनी मिसळली जात होती. पंचवीसेक जणांना आधी काढलं आणि दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बोलणी झाल्यावर परत घेतलं. यावेळी मालक खाजगी, नावाजलेला, पैसेवाला. तरी भांडण शब्दशः तेच. मग खोट सरकारी असण्यात होती असं म्हणणाऱ्यांनी आता काय म्हणायचं?

दादांना मी ही बातमी वाचून दाखवली. ते वाल सोलत होते. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "यादी आधी लावली का त्यांनी, की आधी रंग मारला?"