आधी रक्त, मग बोट

तीर्थस्वरूप मामांस,



मामीचा फोन आला होता. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट शेंड्याला काळं पडलंय, तिकडच्या डॉक्टरांनी ते काढायचं ठरवलंय आणि तुम्हीही ‘एक बोटच तर आहे, जाऊ दे’ म्हणून तयार झालात, असं ती सांगत होती. फोनवर मी काही बोलले तर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून द्याल, म्हणून लिहून पाठवते. चष्मा लावून पुरतं वाचा.

माझं म्हणणं एवढंच, की बोटाला सुरी लावण्याआधी पायात रक्त किती पोचतंय ते बघून घ्या. पायात पू झाला, ताप भरला, लाली वर चढायला लागली, तर ती जागा तातडीनं उघडून साफ करावीच लागते, तिथं वाट बघायची नसते. पण तुमचं बोट मामीच्या सांगण्यावरून कोरडं आहे, वास नाही, ताप नाही. अशा वेळी आधी रक्ताची सोय करायची आणि मग बोटाचं काय ते ठरवायचं.

उलट क्रमानं गेलेली माणसं मी ऑपरेशन थिएटरमध्ये नेहमी बघते, मामा. बोट काढलं, टाके उसवले, जखम काळी पडली. मग अर्धा पंजा गेला, तीही जखम भरली नाही आणि शेवटी गुडघ्यावर पाळी आली. प्रत्येक वेळी घरचे म्हणतात, ‘साखरेनं घात केला.’ साखर आहेच, पण शाबूत कातडी जेमतेम रक्तावरही तगून राहते. कापलेली जखम भरायला त्याच्या कितीतरी पट रक्त लागतं. ते खाली येतच नसेल तर उत्तम हातानं काढलेलं बोटही भरून येणार नाही.

आणि हे दुखणं आजचं नाही. घरापासून विहिरीपर्यंत जाताना पोटरी आवळते, जरा उभं राहिलं की सुटते, पुन्हा चाललं की पुन्हा आवळते, असं तुम्ही कधीपासून सांगताय. ते सगळ्यांनी वयावर घातलं. चालताना स्नायूला जास्त रक्त लागतं, ते न मिळाल्यानं पोटरी ओरडत होती. आता रात्री झोपेतून उठून तुम्ही पाय खाटेखाली सोडून बसता आणि तेव्हाच बरं वाटतं ना? रक्त उताराला लागून चार थेंब जास्त खाली उतरतं, म्हणून बरं वाटतं. हे पुढच्या पायरीचं लक्षण आहे. त्यात पाय गार पडतो म्हणून तुम्ही शेकोटीला धरता, ते आजपासून बंद करा. साखरेनं बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही आणि तिथं भाजलेलं भरून येत नाही.

इथं आमच्या हॉस्पिटलात आल्यावर पहिली तपासणी सुईशिवाय होते. दंडाला बांधतात तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधतात, पावलावर जेली लावून पेनाएवढा डॉपलर टेकवतात आणि नाडीचा आवाज ऐकत दाब मोजतात. घोट्याचा दाब दंडाच्या दाबाएवढा किंवा थोडा जास्तच असायला हवा, म्हणजे भागाकार १ च्या आसपास. ०.९ च्या खाली आला तर वाटेत अडथळा आहे, ०.४ च्या खाली आला तर पाय धोक्यात आहे. जुन्या मधुमेहात मात्र नसा चुन्यानं कडक होतात, पट्ट्यानं दबतच नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. त्यामुळं कुणी नुसता तेवढाच आकडा बघून ‘ठीक आहे’ म्हणालं तर पायाच्या बोटाचा दाबही मोजायला सांगायचं. पुढं सोनोग्राफी आणि अँजिओग्राफी. नस कुठं बंद आहे, आणि बंद जागेच्या खाली पुन्हा कुठं उघडी आहे, हे त्यात दिसतं. ही खालची उघडी जागा सापडणं सगळ्यात महत्त्वाचं.

कारण बायपास तिथंच जोडायची असते. तुम्ही शेतकरी माणूस, तुम्हाला मी काय सांगणार? पाट मधेच बुजला आणि उकरून मोकळा होत नसला, तर वरच्या अंगानं नवा चर काढून पाणी खालच्या वाफ्याला देतोच ना आपण. चर म्हणून तुमचीच नस वापरतात. घोट्याच्या आतल्या बाजूनं निघून मांडीवरून जांघेपर्यंत जाणारी एक लांब अशुद्ध रक्ताची नस असते. ती काढली तरी आतल्या खोल नसा तिचं काम सांभाळून घेतात. ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफी करून तिची वाट कातडीवर मार्करनं आखून ठेवतात. म्हणून तिकडं कुणी पायाच्या नसेला सलाईन लावायला लागलं तर नको म्हणा, ती नस आपल्याला हवी आहे.

ती नस बाहेर काढल्यावर ट्रेमध्ये माझ्या हाताशी असते. फिकट, मऊ, जागोजाग बारीक फांद्या फुटलेली. एकेक फांदी बांधायची, आतून औषधाचं पाणी सोडून कुठं गळतंय का बघायचं. तिच्या आत झडपा असतात, रक्त हृदयाकडंच जाऊ देणाऱ्या. आपल्याला रक्त न्यायचंय खाली, म्हणून ती नस उलटी फिरवून बसवतात. नाहीतर जागेवरच ठेवून आतल्या झडपा खास हत्यारानं कापतात. मग वर जांघेत एक जोड, खाली गुडघ्याजवळ किंवा थेट घोट्याजवळ दुसरा. आमचे सर्जन सर डोळ्यांना भिंग लावून निळ्या दोऱ्यानं टाके घालतात, आणि तेवढा वेळ थिएटरमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही. शेवटचा टाका झाला की चिमटे सुटतात, चपटी नस टरारून भरते आणि ठोके द्यायला लागते. मी पावलावर डॉपलर टेकवते. मघापर्यंत जिथं काही नव्हतं तिथं सपसप आवाज येतो. इतक्या वेळा ऐकूनही तो आवाज आला की माझा श्वास मोकळा होतो.

हे काल-परवा निघालेलं नाही, उगाच प्रयोग म्हणून घाबरू नका. पॅरिसमध्ये झां क्युनलँ नावाच्या सर्जननी १९४८ च्या जूनमध्ये मांडीतली बंद नस ओलांडून रुग्णाच्याच नसेनं पहिली अशी बायपास केली. आधीचे उपाय करूनही त्या माणसाची पायाची जखम भरत नव्हती. आणि पाय न चिरता आतून वाट मोकळी करणं, म्हणजे अँजिओप्लास्टी, तीसुद्धा हृदयाच्या आधी पायावरच झाली. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत पोर्टलंडच्या डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंवर ती केली. बोटं काळी पडलेली, सगळे ‘पाय काढा’ म्हणत होते आणि त्या ‘नाही’ म्हणून अडून बसल्या होत्या. त्यांचा पाय वाचला, आणि पुढं त्या गेल्या तोवर स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होत्या. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटतं. डॉक्टर नवं काही करून बघायला तयार होते हे खरंच, पण बाईंनी आधी नकार दिला नसता तर पाय केव्हाच गेला असता.

तुम्हाला बायपास की अँजिओप्लास्टी, हे मी सांगणार नाही. २०२२ मध्ये एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की स्वतःची चांगली नस मिळत असेल तर आधी बायपास केलेल्यांचे पाय जास्त सांभाळले गेले. लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडमधून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, गुडघ्याखालच्या नसा बंद असलेल्यांत, आधी अँजिओप्लास्टी केलेले बरे निघाले. म्हणजे तुमची नस, तुमचं हृदय, तुमची जखम बघूनच ठरेल. फक्त ते ठरवायला रक्तवाहिन्यांचा सर्जन हवा. आणि सगळं बघून त्यांनीच बोट काढायला सांगितलं, तर मी स्वतः तुमच्या शेजारी उभी राहीन.

आता तंबाखू. तुम्ही रागावणार, तरी लिहिते. बायपास झाल्यावर जो विडी ओढत राहतो त्याची नवी नसही लवकर बंद पडते. ओढायची नाही आणि दाढेलाही धरायची नाही. आणि हे तुमच्यापेक्षा जास्त धाकट्या दादासाठी लिहितेय. आमच्या वॉर्डात पस्तिशी-चाळिशीची पोरं येतात, साखर नाही, काही नाही, फक्त विडी. बर्गर नावाच्या डॉक्टरांनी १९०८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. त्यात पावलाकडच्या बारीक नसाच बंद होतात, त्यामुळं बायपास जोडायला खाली जागाच उरत नाही बऱ्याचदा. तंबाखू पूर्ण सुटली तर पाय वाचतो, नाही सुटली तर तुकड्या-तुकड्यानं जातो. दादा तुमच्या शेजारी गोठ्यात बसून विडी पेटवतो. तुम्ही सोडलीत तरच त्याला सांगायला तुमचं तोंड राहील.

ऑपरेशन झालं की संपलं असंही नाही. काही आठवडे पाय सुजेल, टाक्यांची जागा ठणकेल. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायम घ्यायची, नस उघडी आहे का ते अधूनमधून सोनोग्राफीवर बघायचं. पाय अचानक गार, पांढरा पडून कळा यायला लागल्या तर सकाळची वाट बघायची नाही. तेव्हा हातात मोजून सहा तास असतात, म्हणून त्याच क्षणी गाडी काढायची. शेतात अनवाणी पाऊल टाकायचं नाही, अगदी देवाच्या नावानंही नाही.

खर्चाची काळजी मामी करत होती. महात्मा फुले योजनेत बसतं का ते इथल्या आरोग्यमित्रांना विचारते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड आणा, जुने सगळे कागद आणा, चालू असलेल्या गोळ्या पाकिटासकट आणा आणि कुठलीही गोळी मनानं बंद करू नका. तिकडच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यावर अविश्वास नाही, फक्त ‘आधी रक्त तपासून येतो’ म्हणा, ते नाही म्हणणार नाहीत. सोमवारची पहाटेची एसटी पकडा. बोट कोरडं ठेवा, स्वच्छ फडकं सैल गुंडाळा. दादाला सोबत आणा, रक्त द्यावं लागलं तर तोही उपयोगी पडेल आणि वॉर्डातली ती पोरंही त्याला बघू देत. मी स्टँडवर घ्यायला येते.

मामीला नमस्कार.

तुमची भाची