मॉनिटर कौन सा है, मॅडम?

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा आणि पाच-सात मिनिटं चालत राहा. दुकानांच्या दारात सीसीटीव्हीच्या वायरींची भेंडोळी दिसायला लागली आणि कुणीतरी अगदी कानाशी येऊन 'लॅपटॉप? प्रिंटर?' असं पुटपुटलं, की समजा, पोचलात. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन काही लोकांच्या तोंडातून जायला तयार नाहीत. टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगायचं.

रविवारी इथली बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून आम्ही शनिवार गाठला. आम्ही म्हणजे मी आणि डोंबिवलीहून आलेला माझा मामेभाऊ, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या खात्यात होते एक लाख दहा हजार. आठ महिने 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य ऐकल्यानंतर आलेले! फ्रीलान्सरला विचारा, असा पैसा कसा हातात येतो ते. आणि मनात होता आरटीएक्स ५०८०. २०२५च्या जानेवारीत जाहीर झाली तेव्हा या कार्डाची भारतातली किंमत होती १,०७,०००. माझ्या ठाण्यातल्या खोलीचं माझ्या वाट्याचं भाडं चौदा हजार. म्हणजे साडेसात महिन्यांचं भाडं एका डब्यात.

वेडेपणा आहे? थांबा, थोडा फ्लॅशबॅक.

२००९ साली, मी सातवीत असताना, बाबा मला याच रस्त्यावर घेऊन आले होते. घरातला पहिला कॉम्प्युटर! दुकानदार म्हणाला, 'ग्राफिक्स कार्ड डालूं क्या?' बाबांनी विचारलं, 'त्याच्याशिवाय चालतो ना?' तो म्हणाला, 'चलता है.' बाबा म्हणाले, 'मग नको.' विषय संपला. पुढची सहा वर्षं मी प्रत्येक गेम सगळ्यात खालच्या सेटिंगवर खेळले. जंगल म्हणजे हिरवे ठिपके, समुद्र म्हणजे निळी लादी. 'क्रायसिस' तर फक्त मैत्रिणीच्या भावाच्या घरी, त्याच्या खुर्चीमागे उभं राहून पाहिला. तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस सगळ्यात भारी कार्ड घ्यायचं. स्वतःच्या पैशांनी.

तर तो दिवस आला होता. अरुंद जिना चढून पहिल्या मजल्यावरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने थेट माझ्या भावाला विचारलं, 'भैया, कौन सा गेम खेलते हो?'

'खेलती दीदी है,' भाऊ म्हणाला. 'मैं तो बॉक्स उठाने आया हूँ.'

त्याने मान माझ्याकडे वळवली आणि डेमो लावला. मोठ्ठा फोर-के स्क्रीन, २०२० साली आलेला 'सायबरपंक २०७७', पावसाळी रात्र. डबक्यात निऑनच्या पाट्या थरथरत होत्या. रे ट्रेसिंग म्हणतात याला. प्रकाशाचा किरण कुठे आपटेल आणि कुठून परतेल, याचं गणित कार्ड त्या क्षणी करत असतं. खोटं कशाला बोलू? घसा दाटून आला. हिरव्या ठिपक्यांपासून इथपर्यंत!

'पाचशे पंचाहत्तर वॅट का कार्ड है,' मुलगा अभिमानाने म्हणाला. हा ५०९० होता, ५०८०चा मोठा भाऊ. जाहीर किंमत २,१४,०००. पूर्ण जोरात चालला तर तासाला अर्ध्या युनिटहून जास्त वीज, आणि ती सगळी उष्णता शेवटी आपल्याच खोलीत. मे महिन्यातल्या ठाण्याची कल्पना करा.

तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ तोच ५०९० बांधून घेत होते. ते अंधेरीच्या एका स्टुडिओसाठी व्हीएफएक्सची कामं करतात. म्हणाले, 'रेंडर लवकर झालं की दुसरं काम घेता येतं. वर्षाच्या आत वसूल.' बरोबर आहे. त्यांच्यासाठी ते अवजार आहे, सुताराच्या रंध्यासारखं. पण मला तर आठवड्याला चार-पाच तास खेळायचं होतं.

मी धीर करून ५०८० मागितला. मुलाने बॉक्स काढला नाही. विचारलं, 'मॉनिटर कौन सा है, मॅडम?'

माझा मॉनिटर २०१९चा. फुल एचडी, साठ हर्ट्झ.

तो हसला आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २१ लाख ठिपके. फोर-के म्हणजे ८३ लाख, बरोब्बर चौपट. महाग कार्डाची खरी मेहनत हे ८३ लाख ठिपके भराभर रंगवण्यात असते. शिवाय साठ हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कार्डाने दीडशे बनवली, तरी साठाच्या वरची बहुतेक वाया. आणि माझा एसएमपीएस साडेचारशे वॅटचा. ५०८०ला साडेआठशेचा लागतो. म्हणजे एक लाख सात हजार ही नुसती सुरुवात!

'मग जाहिरातीत ते दुप्पट-तिप्पट आकडे?' भावाने विचारलं. त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०२५च्या जानेवारीत लास व्हेगासला एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी स्टेजवरून सांगितलं, की ५४९ डॉलरच्या ५०७०मध्ये ४०९०ची ताकद मिळेल. ४०९० मूळचा १,५९९ डॉलरचा! पण त्या आकड्यात एआयने मधे घातलेली चित्रंही धरली होती. खऱ्या एका चित्रामागे जास्तीत जास्त तीन. दिसायला गुळगुळीत, पण तुम्ही बटण दाबल्यावर गेम प्रतिसाद देतो तो खऱ्या चित्रांच्याच वेगाने.

चहा प्यायला खाली आलो. याच रस्त्यावर मिनर्व्हा थिएटर होतं. १९७५ साली लागलेला 'शोले' तिथे पाच वर्षं चालला. घरी रेडिओवर गाणी आणि डायलॉग ऐकणारी माणसं सत्तर एमएमचा पडदा बघायला इथपर्यंत यायची. मला एकदम हसू आलं. सत्तर एमएमची रिळं विकत घेऊन ती घरच्या छोट्या टीव्हीवर बघायला निघाले होते मी!

भाऊ म्हणाला, 'ताई, एक विचारू? तुला गेम खेळायचाय, की बाबांना दाखवायचंय?'

चहा जरा कडूच लागला.

परत वर गेलो. ५०६० टीआय घेतला, सोळा जीबीचा. मेमरी ५०८०एवढीच, वीज १८० वॅट. सोबत सत्तावीस इंची, १४४० पिक्सेलचा वेगवान मॉनिटर, ३७ लाख ठिपक्यांचा, आणि साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस. सगळं मिळून पंचाहत्तर हजारांच्या आसपास. उरलेले पस्तीस हजार म्हणजे अडीच महिन्यांचं भाडं. पुढचं पेमेंट 'प्रोसेसमध्ये' अडकलं, की हेच कामाला येणार.

तर महागडं कार्ड घ्यावं का? घरी फोर-के पडदा असेल, रोज दोन-तीन तास मिळत असतील आणि पैसे गेल्यावर झोप लागत असेल, तर जरूर घ्या. चीज होईल. पण तुम्ही माझ्यासारखे असाल, ऑफिस, लोकल आणि उरलेला शनिवार, तर आधी पडद्याकडे बघा आणि मग कार्डाकडे. व्हॅलोरंटसारखे गेम तर साध्या कार्डावरही धावतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' हा २०२०चा देखणा गेमही लाखाचं कार्ड मागत नाही.

रात्री सगळं जोडून 'सायबरपंक' लावला. रे ट्रेसिंग बेताचंच ठेवलं. डबकं दुकानातल्याइतकं चकाकत नव्हतं, पण पाऊस पडत होता आणि तो माझा होता. मग घरी फोन केला.

'केवढ्याला पडलं?' बाबांनी विचारलं.

मी वीस हजार कमी करून सांगितलं.

'बापरे!' बाबा म्हणाले. 'त्याच्याशिवाय चालत नव्हतं का?'

'चालत होतं, बाबा.'

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, 'बरं. रविवारी येतो बघायला.'