पाचव्या आठवड्यातला कट

लहान मुलाचा कट जमला की नाही, हे दुकानातून निघताना कळत नाही. त्या वेळी सगळ्यांचंच डोकं छान दिसतं. मानेवर पावडर, ओला भांग, आरशात स्वतःकडे बघणारं पोर. खरी परीक्षा असते पाचव्या आठवड्यात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तोवर पुढची झुलपं भुवयांना टेकलेली असतात, कानावरची कड मोडलेली असते, आणि खाली शाळेची रिक्षा हॉर्न देत असताना आई एका हातानं डबा बंद करत दुसऱ्या हातानं कंगवा फिरवत असते. त्या सकाळी नुसता पाण्याचा हात फिरवून भागलं, तर कट चांगला. साताऱ्यातल्या आमच्या दुकानात लहान मुलांसाठी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकतो. त्या फळीवर बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्याकडे मी याच हिशेबानं बघतो. पालकांनीही कट निवडताना हाच हिशेब धरावा, असं मला मनापासून वाटतं.

हल्ली मोबाईलवर फोटो दाखवला जातो. बाजूनं झिरो, वर लांब, मध्ये वस्तऱ्यानं ओढलेली रेघ. फोटोतल्या मुलाचे केस नुकतेच कापलेले असतात, त्यावर जेल लावलेलं असतं. घरी आठवड्याभरात ती रेघ बुजायला लागते आणि पंधरा दिवसांत बाजूच्या केसांचा उतार नाहीसा होतो. तो कट टिकवायचा तर दर दोन आठवड्यांनी खुर्चीत बसावं लागतं. कॉलेजातला मुलगा आनंदानं बसतो. तीन वर्षांच्या मुलाला ती शिक्षा आहे. आणि लहान मुलाच्या कोवळ्या कातडीवर केवळ नक्षीसाठी वस्तरा टेकवायला माझा हात धजत नाही. तसं मी पालकांना सांगतो. काही जण दुसऱ्या दुकानात जातात, जाऊ देत.

दुसरी नेहमीची मागणी म्हणजे ‘सगळीकडून मशीन मारा, महिनाभर बघायला नको.’ इथे मशीनच्या पट्टीचा आकडा समजून घेतला तर पुष्कळ त्रास वाचेल. एक नंबरची पट्टी साधारण ३ मिलिमीटर केस ठेवते, दोनची ६, तीनची १० आणि चारची १३. एक नंबर मारला की टाळूची कातडी दिसते, डोक्याचा आकार उघडा पडतो. पाच आठवड्यांनी तेच केस दीड सेंटिमीटर होतात. सरळ, जाड केस असतील तर नेमके याच लांबीला साळिंदरासारखे चहूबाजूंनी उभे राहतात, कितीही पाणी लावा, बसत नाहीत. चार नंबरनं सुरुवात केली तर त्याच वेळी ते अडीच सेंटिमीटर झालेले असतात आणि स्वतःच्या वजनानं खाली झुकू लागतात. म्हणून जाड, सरळ केसांच्या मुलाला मी बाजूनं तीन किंवा चार नंबर लावतो, वर मात्र कात्रीनं तीन-चार सेंटिमीटर ठेवतो आणि दोन्हींची लांबी कंगव्यावर कात्री चालवून एकमेकांत मिसळतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण महिना शांततेत जातो. ज्या मुलाचे केस विरळ आणि रेशमासारखे मऊ आहेत त्याला उलट मशीनची गरजच नसते. अशा केसांत पट्टीचे पट्टे उठून दिसतात. तिथे फक्त कात्री.

कुरळ्या केसांचा प्रश्न वेगळा. ते ओले असताना लांब दिसतात आणि सुकले की वर चढतात. ओल्या केसांवर मापानं कात्री चालवली तर मूल घरी पोहोचेपर्यंत कपाळ दोन बोटं जास्त उघडं पडतं. ते कोरडेच कापावेत आणि बाजूनंही फार बारीक करू नयेत. कुरळे केस वाढले तरी विस्कटलेले दिसत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे आणि आपण तो मशीननं घालवतो.

या सगळ्याच्या आधी बघायचा तो भोवरा. दोन भोवरे असले की दोन लग्नं होणार, असं आजही फळीवर बसलेल्या पोराला कुणीतरी हसत सांगतंच. कारागिराला भोवऱ्यातून कळते ती केसांची दिशा. बहुतेकांचा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, काहींचा उलटा. त्याच्या आसपासचे केस मुळातच तिरके उगवतात, त्यामुळे एका ठरावीक लांबीला तिथे तुरा उभा राहतो. त्यावर इलाज दोनच: एकतर तो भाग इतका बारीक ठेवा की उभं राहायला काही उरणारच नाही, किंवा इतका लांब ठेवा की वजनानं खाली बसेल. मधली लांबी ठेवलीत की तेल, पाणी, जेल काही चालत नाही. कपाळाशीही काही मुलांच्या केसांना असंच वळण असतं. अशा मुलाला कपाळावर सरळ कापलेली झालर देणं म्हणजे रोज सकाळी मधोमध एक फट पाहणं. त्याचे पुढचे केस ज्या बाजूला जातात त्याच बाजूला तिरके कापावेत.

मानेवरचे केस तर पुष्कळांचे वरच्या दिशेनं किंवा दोन्ही बाजूंनी मध्याकडे उगवतात. तिथे वस्तऱ्यानं चौकोनी रेष काढली की पहिले दोन दिवस ती छान दिसते, मग खाली लव उगवते आणि मान मळल्यासारखी वाटते. केस हळूहळू बारीक करत मानेत विरू द्यावेत. वाढले तरी डोळ्यात येत नाहीत.

हे सगळं दिसण्यासाठी केस कोरडे आणि त्यांच्या मूळ वळणानं पडलेले हवेत. कटिंगला न्यायचं म्हणून आज्या प्रेमानं तेल चोपडून, भांग पाडून नातवंडाला पाठवतात. त्यांच्या मायेबद्दल मला आदरच आहे, पण तेलानं केस चिकटतात, भोवरा दडपला जातो आणि मशीनचे दात अडकून केस ओढले जातात. तेल कटिंगनंतर लावा, हवं तितकं.

केस ओढले जाण्यावरून आठवलं. माझ्या वडिलांनी हातमशीनवर धंदा केला. ते मशीन बोटांनी दाबत चालवायचं, आणि पातं जरा बोथट झालं की केस कापण्याऐवजी उपटले जायचे. आजच्या आजोबांच्या मनात न्हाव्याच्या खुर्चीची जी भीती आहे ती तिथली आहे. अमेरिकेत लिओ वाल यांना विजेवरच्या मशीनचं पेटंट १९२१ मध्ये मिळालं, पण आपल्याकडच्या लहान गावांतल्या दुकानांत हातमशीन त्यानंतर कितीतरी वर्षं चाललं. आता ओढ गेली, आवाज आला. मुलं घाबरतात ती बहुतेक त्या घरघरीला, आणि कानामागे जाणवणाऱ्या कंपाला. मी मशीन आधी माझ्या हातावर लावतो, मग मुलाच्या तळहातावर, मग खांद्यावर. तोवर कात्रीनं निम्मं काम झालेलं असतं. गळ्याभोवतीचा कपडा नको असेल तर नको, जुना शर्ट घालून आणा. फळीवर बसायचं नसेल तर वडिलांच्या मांडीवर बसवा. वडिलांची कटिंग आधी आणि मुलानं ती बघायची, असा क्रम ठेवला तर अर्धी भीती तिथेच जाते.

एक गोष्ट मात्र मला फार लागते. ‘हलू नकोस हं, नाहीतर काका कान कापतील.’ चांगली शिकलेली माणसंही हे सहज बोलून जातात. ज्या मुलाला असं सांगितलं, त्याच्या कानाजवळ मी कात्री कशी न्यायची? ते मूल अंग आकसून घेतं, मान खांद्यात घालतं, आणि खरोखर लागण्याची शक्यता तिथेच निर्माण होते. ही धमकी घरोघरी बंद झाली पाहिजे. मुलाला खरं सांगा: थोडं गुदगुल्यासारखं होईल, केस टोचतील, मग आपण अंघोळ करू.

काही मुलांना आवाज आणि स्पर्श इतरांपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांचं असं असतं. त्यांच्या आईनं आधी फोन करून सांगितलं की मी दुपारची शांत वेळ देतो, टीव्ही आणि पंखा बंद ठेवतो आणि मशीन बाहेरच काढत नाही. एका बैठकीत एकच बाजू झाली तर दुसरी चार दिवसांनी करतो. अशा मुलासाठी सोपा कट म्हणजे कमी वेळात होणारा, आणि अर्धवट राहिला तरी बरा दिसणारा. कात्रीनं कापलेला, किंचित ओबडधोबड, कडा नसलेला. तिथे सफाईचा हट्ट धरू नये.

मुलींबद्दल बोलायलाच हवं, कारण बारीक केस म्हटलं की अजूनही मुलगाच डोळ्यांसमोर येतो. मे महिन्यात घामोळ्यानं मान लाल झालेली चार वर्षांची मुलगी घेऊन आई येते, आणि बरोबरची आजी म्हणते, ‘पोरीचे केस नका हो कापू, पुन्हा वाढत नाहीत.’ वाढतात, आजी. मूळ कातडीच्या आत असतं, कात्री लागते ती बाहेरच्या टोकाला. लहान मुलीसाठी बॉयकट सर्वांत सुटसुटीत. तो नको असेल तर जबड्याच्या जरा वर संपणारा बॉबकट. हनुवटीपर्यंतची लांबी टाळावी. ते केस नीट बांधताही येत नाहीत, तोंडात जातात, जेवताना आमटीत बुडतात आणि मुली ते चघळत बसतात. कपाळावरची झालर सगळ्यांना गोड वाटते. १९६०च्या ‘लव्ह इन शिमला’नंतर साधना कटनं सगळ्या देशाला तिचं वेड लावलं आणि आजही आया ती मागतात. पण सगळ्यांत जास्त कष्ट तिचेच आहेत. दर तीन आठवड्यांनी कापली नाही तर ती डोळ्यांत जाते, आणि उन्हाळ्यात तिच्याखाली कपाळावर घामोळं उठतं. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली असेल तर मी आधी तिलाच विचारतो. मोठ्या हौसेनं वाढवलेले केस तिच्या मनाविरुद्ध कापायला मी तयार होत नाही, आईनं सांगितलं तरी.

शाळेतून उवा आल्या की मुलीचे केस रागानं कापून टाकायची पद्धतही सोडायला हवी. उवांची अंडी, म्हणजे लिखा, केसाच्या मुळाशी, कातडीपासून जेमतेम काही मिलिमीटरवर चिकटलेली असतात. बॉबकट केला तरी त्या तिथेच राहतात. अंडी साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन-तीन आठवडे ओल्या केसांतून बारीक फणी नेटानं फिरवावी लागते आणि डॉक्टरांना विचारून औषध लावावं लागतं. केस आखूड असले की फणी सोपी जाते, इतकाच फायदा. त्यासाठी मुलीला रडवू नये.

आणि जावळ. मामाच्या मांडीवर बसवून बाळाचं जावळ काढायला मला बोलावतात, तेव्हा मी आनंदानं जातो. कुळाचार आहे, घरात सण असतो. पण ‘टक्कल केलं की दाट केस येतात’ म्हणून वर्षभरात दोन-तीनदा वस्तरा फिरवून घेणारी घरं आहेत, त्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच दाखवून दिलं की वस्तऱ्यानं केसांची जाडी किंवा वाढ बदलत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट होतं, ते हाताला राठ लागतं, म्हणून दाट वाटतं. शिवाय बाळाची टाळू भरून यायला साधारण दीड वर्ष लागतं. त्या मऊ जागेवर हात अगदी हलका हवा. जावळ काढायचं असेल तर बाळाची झोप झालेली असू द्या, आणि पातं तुमच्यासमोर नवं फोडायला लावा. पाणी मारून पुसलेलं जुनं पातं चालवून घेऊ नका. रक्तातून पसरणारे आजार पात्यावरून जाऊ शकतात, आणि न धुतलेल्या मशीनवरून नायटा एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातो. पट्टी धुतली का, असं विचारलं म्हणून चांगला कारागीर रागावत नाही. रागावला तर दुकान बदला.

आता दिवाळीचं. पहिल्या अंघोळीच्या आदल्या दोन दिवशी आमच्याकडे उभं राहायला जागा नसते, कारागीर दमलेले असतात आणि मूल तासभर बाकावर बसून कंटाळलेलं असतं. मुलाला निदान आठवडाभर आधी आणा. सोमवारी आमचं दुकान बंद असतं, मंगळवार-बुधवारची सकाळ सगळ्यांत बरी. पोट भरलेलं असू द्या, केसांना तेल नको. आणि फळीवर बसवताना फोटो दाखवण्याआधी एवढं सांगा, की पुन्हा किती आठवड्यांनी येणार आहात. पट्टीचा नंबर मी त्यावरून ठरवेन.