मोत्याची वही

गोरेगाव हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. हा सारा मुलूख धानाचा आणि तलावांचा. मृगाचा पाऊस पडून गेला, की येथील शिवाराचे रूप पालटू लागते. बांध्यांमध्ये पाणी साचते, बोड्या तुडुंब भरतात आणि आषाढात रोवणीला प्रारंभ झाला, म्हणजे चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या स्त्रियांच्या गाण्यांनी शिवार दुमदुमून जाते. या गावाच्या कडेला, जेथे वस्ती संपते आणि बांध्या सुरू होतात तेथे, आबाजींचे कौलारू घर आहे. घरापुढे सपरी आहे. आणि त्या सपरीच्या उजव्या कोपऱ्यातील गोणपाट ही तेरा वर्षांपासून मोत्याची जागा आहे.

मोत्या काही उंची जातीचा कुत्रा नव्हे. एका हिवाळ्यात धानाच्या पुंजण्याच्या उबेला निजलेले एक पिलू आबाजींना सापडले. उपरण्यात गुंडाळून त्यांनी ते घरी आणले. अंग तांबूस आणि छातीवर मोत्याएवढा पांढरा ठिपका, म्हणून त्याचे नाव मोत्या. पुढे त्याने या उपकाराची फेड पुरेपूर केली. कापलेले धान मळणी होईपर्यंत शेतात रचून ठेवतात, त्यालाच पुंजणे म्हणतात. थंडीच्या रात्री रानडुकरे आणि मोकाट गुरे त्यावर टपलेली असतात. मोत्या रात्रभर पुंजण्याभोवती फेऱ्या घाली आणि आबाजी निश्चिंत झोपत. घरातील नात प्रथम उभी राहिली, ती त्याचेच कान धरून. कान दुखले असतील. पण मोत्या तसूभरही हलला नाही.

त्या वर्षी रोवणीच्या दिवसांत मोत्याचे अन्नावरचे मन उडाले. सकाळी आजीने त्याच्या थाळीत भाकरी कुस्करून घातली. त्याने ती हुंगली आणि मान वळवली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने पिवळसर फेस ओकून टाकला. मग तो बांधावर जाऊन गवताची पाती चघळू लागला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा वांती झाली आणि त्यासोबत पातळ शौचही. असे बरेवाईट दिवस ऊनसावलीसारखे येत-जात राहिले. पाहता पाहता त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

गावात सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, कुणीतरी विष घातले. एका शेजाऱ्याने तर माणसांच्या पोटदुखीची गोळी आणून दिली. आबाजींनी ती नम्रपणे परत केली. माणसाचे औषध कुत्र्याला विषासमान ठरू शकते, हे त्यांनी ऐकले होते. पाऊस उघडताच त्यांनी मोत्याला छकड्यात घातले आणि नातीला बरोबर घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी मोत्याचे पोट हळुवार हाताने चाचपून पाहिले. ताप पाहिला, तो नव्हता. निरोगी कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा अधिक उष्ण, सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, हे नातीला त्या दिवशी प्रथमच कळले. मग त्यांनी मोत्याचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबले व उचलले. पांढरा पडलेला ठिपका लगेच गुलाबी झाला.

“हे पाहा बेटा,” डॉक्टर म्हणाले, “हा ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओलसर असावी. ती चिकट, कोरडी लागली, तर अंगातले पाणी कमी झाले असे समजून तडक इकडे यायचे. रोज पाहशील?”

नातीने मान हलवली. तिच्या मनातला प्रश्न मात्र दुसराच होता. “डॉक्टरसाहेब, याला झाले आहे तरी काय?”

डॉक्टर क्षणभर थांबले. कुत्रा ओकतो त्याला कारणे अनेक असतात. पोटात जंत असतील, शिळे अन्न बाधले असेल, हाडाचा तुकडा अडकला असेल. यकृत, मूत्रपिंड किंवा स्वादुपिंड थकले असेल. आतड्याला सूज असेल, नाही तर गाठ असेल. माणूस निदान सांगतो तरी, की येथे दुखते, तेव्हापासून दुखते. मुक्या जिवाच्या बाबतीत एकेक कारण तपासून बाजूला सारावे लागते. डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, मल तपासला, रक्त तपासणीस पाठविले. जंत गेले, पण वांत्या गेल्या नाहीत. रक्तात वयाला साजेशा किरकोळ फरकापलीकडे काही आढळले नाही.

तेव्हा प्रश्न उभा राहिला नागपूरचा. पशुवैद्यकाचे शिक्षण देणारे महाविद्यालय नागपुरास १९५८ सालापासून आहे, आणि पूर्व विदर्भातील जनावरांची अवघड दुखणी त्या शहराची वाट धरतात. परंतु गोरेगावाहून नागपूर १५० किलोमीटरच्या आसपास. म्हाताऱ्या जिवाला ती दगदग सोसेल काय? शेताची कामे ऐन भरात. खर्चही थोडाथोडका नव्हे. आजी म्हणाली, “त्याने आपले धान राखले, ते हिशेब करून राखले नाही.” एवढ्या एका वाक्यावर निर्णय झाला. भाड्याची जीप ठरवून, पहाटेच्या अंधारात, नातीच्या मांडीवर डोके ठेवून मोत्या नागपुरास गेला. तेथील एका पशुचिकित्सालयात त्याच्या पोटाची सोनोग्राफी झाली. गाठ नव्हती, अडथळा नव्हता. पोटात नळी घालून पाहता आले असते. पण त्यासाठी त्याला गुंगी द्यावी लागणार होती, आणि त्याच्या वयात तो धोका घेणे आबाजींना रुचले नाही. दिवेलागणीनंतर सारे परतले, ते उत्तरावाचूनच.

एरवी आजाराला नाव मिळाले, की माणसाला थोडा धीर येतो. येथे नावच नव्हते. नात रडवेली झाली. “काहीच कळले नाही, तर आता करायचे तरी काय?” गोरेगावच्या डॉक्टरांनी तिच्या हाती एक कोरी वही दिली. “कारण सापडले नाही, याचा अर्थ उपाय सरले असा नव्हे. मोत्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीने ही वही बोलेल.” त्यांनी स्वतः रकाने आखून दिले: तारीख, वेळ, आहार, वजन, लक्षण, आणि सर्वांत शेवटी, कारण.

“शेवटचा रकाना अंदाजाने भरायचा नाही,” त्यांनी बजावले. “जे ठाऊक नाही, ते रिकामे ठेवायचे.”

त्या दिवसापासून घरात नवा नेम सुरू झाला. मोत्याची भाकरी बंद झाली. त्याऐवजी मऊ भात, पाण्यात शिजवलेले हाडांविरहित कोंबडीचे मांस, आणि फारच नरम असेल त्या दिवशी नुसती पेज. दिवसातून दोनदा भरपूर देण्याऐवजी चार वेळा थोडेथोडे. दूध बंद, कारण पुष्कळशा मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही. फोडणी, मसाला, तूप बंद. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तालाच अपाय करतात, म्हणून त्यांचा अंशही नको. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिपा होतात, म्हणून तेही नको. दर रविवारी आबाजी मोत्याला उचलून धान मोजण्याच्या काट्यावर ठेवीत. ज्या मोत्याचे वजन पूर्वी २३ किलो होते, तो श्रावणात १८ किलोवर आला होता. काट्यावर तो मान खाली घालून उभा राही, जणू काही आपल्या हलकेपणाची त्यालाच लाज वाटत होती.

अशात पोळा आला. श्रावण अमावास्येचा हा सण म्हणजे बैलांचा मानाचा दिवस. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा, आणि मिरवून आल्यावर पुरणपोळीचा घास. आजीने बैलांना ओवाळले, पोळी भरविली. सपरीच्या कोपऱ्यातून मोत्या हे सारे पाहत होता. कित्येक दिवसांनी त्याने शेपटी हलवली. दर पोळ्याला त्यालाही पोळी मिळे, आणि त्याला ती आठवत असावी. नातीच्या पोटात कालवले. सर्वांची पाठ वळताच तिने तुपात भिजलेली अर्धी पोळी त्याच्यापुढे टाकली. मोत्याने ती दोन घासांत संपवली आणि तिचा हात चाटला. त्या क्षणी तिला वाटले, याहून मोठे पुण्य नाही.

मध्यरात्री मोत्या कण्हू लागला. वांत्यांमागून वांत्या झाल्या. त्याला उभे राहवेना. हिरडी कोरडी पडली. पहाट होताच आबाजी त्याला घेऊन दवाखान्यात धावले. सलाईन लावावे लागले. दोन दिवस त्याचा भरवसा नव्हता. नात त्याच्या उशाशी बसून होती. पण तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिसऱ्या दिवशी मोत्याने मान उचलून पेज चाटली, तेव्हा तिचा बांध फुटला. आबाजींपुढे तिने सारे सांगून टाकले.

आबाजी रागावले नाहीत. त्यांनी वही आणून तिच्यापुढे ठेवली. पोळ्याच्या तारखेपुढे आहाराच्या रकान्यात लिहिले होते, ‘भात, चार वेळा.’

“बेटा, ही वही मोत्याची जीभ आहे. तीच खोटे बोलली, तर त्याचे दुखणे कोणाला कळणार?”

नातीने डोळे पुसले आणि त्या ओळीखाली सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘रात्री ८, तुपाची अर्धी पुरणपोळी. मी दिली.’ प्रेम म्हणजे देणे, इतकेच ती आजवर समजत होती. हात आवरून धरणे हेही प्रेमच आहे, आणि ते अधिक कठीण आहे, हे त्या एका ओळीने तिला शिकविले.

डॉक्टरांनी ती नोंद वाचली. “दुखणे पोळीच्या आधीपासूनच आहे. तेव्हा पोळी हे त्याचे मूळ नव्हे. पण तूप-तेल त्याला सोसत नाही, हे मात्र आता नक्की झाले. तू लिहिले नसतेस, तर मला कळले नसते.” मग ते मागची पाने उलटू लागले आणि एकाएकी थबकले. पोळ्याची रात्र सोडली, तर वांतीच्या बहुतेक वेळा पहाटे चार ते सहाच्या दरम्यानच्या होत्या. सायंकाळी सातला मोत्या जेवे, आणि त्यानंतर रात्रभर त्याचे पोट रिकामे राही. रिकाम्या जठरात पित्त उतरते आणि काही कुत्र्यांना त्याने ओकारी येते. डॉक्टरांनी एवढाच बदल सांगितला, की रात्री दहाला मूठभर मऊ भात द्यावा. आठवडाभरात पहाटेच्या वांत्या निम्म्यावर आल्या. जे रक्ताच्या तपासणीने सांगितले नाही, ते एका मुलीच्या वहीने सांगितले.

एका म्हाताऱ्या कुत्र्याची एवढी उस्तवार कशाला, असे काही लोक विचारीत. आबाजी त्यांना महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वाची आठवण देत. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडली, तरी युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा अखेरपर्यंत चालत राहिला. त्याला सोडून स्वर्गाच्या रथात बस, असे इंद्राने म्हटले, तेव्हा आश्रयाला आलेल्याचा त्याग करून मिळणारा स्वर्ग धर्मराजाने नाकारला. नातीला शाळेच्या ग्रंथालयात वाचलेली दुसरी एक हकिगत ठाऊक होती. जर्मनीतील बॉन शहराजवळ, ओबरकॅसल येथे, १९१४ साली एक पुरातन दफन सापडले. ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचे एक पिलू आहे. त्या पिलाच्या दातांवरील खुणांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मरण्यापूर्वी ते कित्येक आठवडे फार आजारी होते, आणि माणसांनी शुश्रूषा केली नसती तर इतके दिवस तगले नसते, असे संशोधकांचे मत पडले. आजारी पिलू ना शिकारीच्या कामाचे, ना राखणीच्या. त्या माणसांपाशी औषध नव्हते आणि रोगाचे नावही नव्हते. तरीही त्यांनी त्याला टाकले नाही.

मार्गशीर्ष उजाडला. धान कापून झाले, शेतात पुंजणी उभी राहिली. मोत्याचे वजन २० किलो झाले होते. तो पूर्ण बरा झाला नव्हता. पंधरा-वीस दिवसांतून एखादी पहाट अजून वाईट जाई. पण एका संध्याकाळी तो आपण होऊन सपरीवरून उतरला आणि शेताच्या वाटेला लागला. आबाजी आणि नात त्याच्या चालीने, थांबत थांबत, मागून गेले. पुंजण्यापाशी येताच त्याने नाक वर करून वारा हुंगला. मग हळूहळू, पण मान ताठ ठेवून, त्याने पुंजण्याभोवती एक पुरी फेरी घातली आणि धापा टाकीत आबाजींच्या पायाशी बसला.

घरी आल्यावर, रात्री दहाचा मूठभर भात देऊन झाल्यावर, नातीने वही उघडली. तिने लिहिले, ‘पुंजण्यापर्यंत चालला. एक फेरी. वांती नाही.’ शेवटच्या रकान्यापाशी तिची लेखणी क्षणभर थांबली. ‘कारण’ या शब्दाखाली पहिल्या पानापासून एकही अक्षर नव्हते. तो तिने त्या रात्रीही रिकामाच ठेवला, आणि उद्याची तारीख घालून वही मिटली.