तळमजला मोकळा

सिंगापूरच्या जुन्या सरकारी इमारतींना मागच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीतच नळकांडी बसवलेली असतात. लांब बांबूवर कपडे ओवायचे आणि बांबूचं टोक नळकांड्यात खोचायचं. मग दहाव्या मजल्यावरचा लेंगा हवेत आडवा फडफडत राहतो. मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतून नोकरीसाठी सिंगापुरात क्लेमेंटीला गेलेल्या एका तरुणाच्या पहिल्या पत्रात मरीना बेचा उल्लेखही नव्हता. हा बांबू मात्र चित्रासकट होता.

पत्रं कागदावर येतात, कारण 'ती. आईस, सा. न. वि. वि.' असं हाताने लिहिलेलं नसेल तर आईला ते पत्र वाटत नाही. शिवाय ती एकटी वाचतच नाही. चाळीतला मधला पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, आणि पत्र आलं की निम्मा मजला दारात.

या मजल्याला सिंगापूरच्या घरांबद्दल कुतूहल असणं साहजिक आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळी शंभरीच्या आसपासच्या. १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक. त्या पाडून म्हाडा आता प्रत्येक कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर टॉवरमध्ये देते आहे. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. ना. म. जोशी मार्गावर (कागदोपत्री हेच नाव, बोलताना अजूनही डिलाईल रोडच) काम सुरू आहे. सिंगापूरकर या वाटेने साठ वर्षांपूर्वी गेले. १९६० साली तिथे गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वीच्या झोपड्यांना आग लागून सुमारे १६ हजार लोक उघड्यावर आले आणि बांधकामाचा वेग वाढला. आज तिथल्या रहिवाशांपैकी जवळपास ८० टक्के लोक मंडळाच्या घरांत राहतात. ही घरं ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात.

आईचा पहिला प्रश्न लिफ्टचा होता. तिथल्या बऱ्याच जुन्या इमारतींत पैसे वाचवायला लिफ्ट काही मोजक्याच मजल्यांवर थांबायची. सातव्यावर जायचं तर पाचव्यावर उतरून चढा किंवा नवव्यावरून खाली या. २००१पासून सरकारने खर्च करून बहुतेक ठिकाणी ती प्रत्येक मजल्यावर थांबवली. "म्हणजे त्यांनाही सगळं पहिल्या फटक्यात जमलं नव्हतं," हा शेजारच्या काकूंचा शेरा त्याला पुढच्या पत्रातून कळवण्यात आला.

पण त्याची सगळ्यात लांब पत्रं तळमजल्याबद्दलची. मंडळाच्या बहुतेक इमारतींखाली घरं नसतात आणि गाड्याही नसतात; नुसते खांब आणि मोकळी फरसबंदी. इंग्रजीत त्याला व्हॉइड डेक म्हणतात. म्हाताऱ्यांसाठी तिथे सिमेंटची टेबलं असतात, वर बुद्धिबळाचा पट कोरलेला. एका शनिवारी त्याच्या इमारतीखाली मलाय लग्न होतं. मोठमोठ्या पातेल्यांत नासी मिन्याक, झिरमिळ्या, कर्णे, आणि वरच्या मजल्यांवरचे चिनी शेजारीही जेवायला. काही दिवसांनी त्याच जागेत एका चिनी आजोबांचं पार्थिव ठेवलेलं होतं. तिथे तीन, पाच किंवा सात दिवस, म्हणजे विषम संख्येने, शव ठेवायची रीत आहे. रात्री कुणीतरी जागं राहिलं पाहिजे म्हणून लोक शेंगदाणे सोलत पत्ते खेळत बसलेले. निघताना पाहुण्यांना लाल दोरा देतात. यालाही दिला. "आपल्याकडे चाळीत कुणी गेलं की पॅसेजमध्ये सतरंज्या पडतात, तसंच समज," एवढंच त्याने आईला लिहिलं. त्या वाचनानंतर पॅसेजमध्ये बराच वेळ कुणी उठलं नाही, असं त्याला उलट टपाली कळलं.

हे सगळं आपोआप होतं असं मात्र नाही. जागेसाठी टाऊन कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो, आवाजाला वेळेची मर्यादा असते. १९८९पासून तर प्रत्येक इमारतीत चिनी, मलाय आणि भारतीय कुटुंबांचं कमाल प्रमाण सरकारने ठरवून दिलेलं आहे. शेजार असा कोट्याने लावता येतो का, याबद्दल दुमत होऊ शकतं. आणि कोटा असूनही, भाड्याने खोली शोधताना 'भारतीय नकोत' असं स्वच्छ लिहिलेल्या जाहिराती या मुलाने वाचल्या आहेत. मांसमच्छी खाणाऱ्यांना घर नाकारणाऱ्या सोसायट्या मुंबईत असताना आपण त्यावर फार आवाज चढवू नये हे बरं.

कौतुकाला आळा घालणारं आणखी एक पत्र सप्टेंबर २०२४चं. जुरोंग ईस्ट ते बुओना व्हिस्टा मेट्रो मार्ग सहा दिवस बंद होता, आणि क्लेमेंटी नेमकं त्याच पट्ट्यात. कामावर तुआसला जायला मोफत बसची रांग. पॅसेजमधल्या आप्पांनी हे पत्र विशेष आवडीने ऐकलं. डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला, हे त्यांनी उत्तरात मुद्दाम लिहायला लावलं. सहा दिवसांत सिंगापूरच्या वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला, ते मुलाने उलट कळवलं. त्यावर आप्पांचं उत्तर आलेलं नाही.

टॉवरमध्ये जाणाऱ्यांनी या पत्रांतली बांबूची काठी सोडून द्यावी. तिथल्याच नव्या इमारतींत आता वेगळ्या सोयी असतात. तळमजला मात्र सोडू नये. मुंबईच्या टॉवरांत तो गाड्यांना जातो आणि सत्यनारायणापासून तेराव्यापर्यंत सगळं पाचशे चौरस फुटांत उरकावं लागतं. सोसायटीची पहिली सभा भरेल तेव्हा पार्किंगच्या वाटपाआधी हा विषय घ्या: खालची किती जागा मोकळी राहणार, आणि ती कुणाकुणाला मिळणार.