बेटांचा जावई

१९७०च्या दशकात आम्ही ऑर्क्नीला होतो. यजमान कर्कवॉलच्या बाल्फोर रुग्णालयात डॉक्टर. स्कॉटलंडच्या उत्तरेकडची ही बेटं. झाड औषधालाही सापडायचं नाही, वारा मात्र बारमाही. कॅप्टन फ्रेसन यांनी १९३३ साली इन्व्हरनेसहून कर्कवॉलला विमानं सुरू केली, पुढे आतल्या बेटांपर्यंतही नेली. महायुद्धात ही आतली सेवा खंडित झाली, ती लोगनएअरने थेट १९६७ मध्ये पुन्हा सुरू केली. ‘आयलंडर’ हे दोन इंजिनांचं चिमुकलं विमान, वैमानिक एकच. त्याच्या शेजारच्या खुर्चीवरही प्रवासी बसायचा.

आमच्या ओळखीचा एक वैमानिक इंग्लंडमधून आला होता. आधीच्या नोकऱ्यांत मन रमलं नव्हतं. उड्डाणाचे तास भरले की कुठेतरी जेटवर जायचं, एवढंच त्याच्या मनात. पण बेटाबेटांवरच्या शाळांत संगीत शिकवायला जाणारी एक मुलगी रोज त्याच्या शेजारी बसू लागली. वर्षभरात लग्न झालं. सासर सँडे बेटावर. मग कसलं जेट! सगळी बेटं त्याला जावयाचा मान देत आणि घरच्या माणसाला सांगावीत तशी कामंही सांगत: आजीची औषधं, दुरुस्त झालेला चष्मा, खोक्यातली कोंबडीची पिल्लं. तो सगळं हसतमुखाने पोचवी.

खरी ओळख पटायची ती रात्री. एखादी बाळंतीण अडली की फोन यायचा. बेटावरचे शेतकरी आपापल्या गाड्या धावपट्टीच्या कडेला लावून दिवे पेटवत आणि त्या उजेडात तो विमान उतरवी. कुणाच्या घरी दिवस भरत आलेत, हे त्याला बायकोकडून आधीच कळलेलं असे. यजमान म्हणत, निम्मं काम त्या माहितीनेच व्हायचं.

आता रुग्णांना न्यायला सुसज्ज हेलिकॉप्टर येतं, सोबत प्रशिक्षित माणसं असतात. जीव वाचतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. आयलंडर विमानं अजून उडतात. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर जेमतेम २.७ किलोमीटर, वेळापत्रकात २ मिनिटं. वारा अनुकूल असताना ते ५३ सेकंदांतही पार झालंय. जगातलं हे सर्वांत छोटं नियमित उड्डाण अनुभवायला लांबून पर्यटक येतात. पण रुग्णाला न्यायला येणारा माणूस त्याच्या घरातला असायचा, ते दिवस सरले. रात्री विमानात चढताना पेशंटचा हात धरून त्याच्या आईचं नाव घेणारा वैमानिक मी पाहिलाय. ती सोबत कुठल्याही उपकरणाने भरून निघालेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही ऑर्क्नीला गेलात तर दोन मिनिटांचं उड्डाण करून लगेच परतू नका. पापा वेस्ट्रेवर मुक्काम करा. नॅप ऑफ हाउवरचं पाच हजार वर्षांहून जुनं दगडी घर पाहा, आणि एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला जुन्या वैमानिकांबद्दल जरूर विचारा.